सहीनंतर येणारा वकील

सरकारी वकील म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फौजदारी कोर्ट उभे राहते. आरोपी, पंचनामा, साक्षीदारांची उलटतपासणी. पण राज्य सरकारच्या वतीने रोज उभा राहणारा वकिलांचा एक मोठा वर्ग यांतले काहीच हाताळत नाही. त्याच्यापुढे असतो एखादा शासकीय आदेश. कुणाची बदली झालेली असते, कुणाचे निवृत्तिवेतन अडलेले असते, कुणाचे रेशन दुकान रद्द झालेले असते. ज्याला हा आदेश अन्यायाचा वाटतो, तो संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करतो. राज्याचा कर्मचारी असेल, तर नोकरीच्या तक्रारीसाठी आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘मॅट’कडे जातो. मॅटची स्थापना ८ जुलै १९९१ ची. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची पीठे बसतात. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा तो एजीपी, सहायक सरकारी वकील. मॅटमध्ये सादरकर्ता अधिकारी.

या वकिलाची खरी अडचण अशी, की तो सही झाल्यावर येतो. आदेश लिहिताना त्याला कुणी विचारलेले नसते, आणि लिहिला गेला तो आता बदलता येत नसतो.

ही अडचण मुंबईच्याच एका खटल्याने कायद्यात कोरून ठेवली आहे. अंधेरीला चित्रपटगृह बांधायची परवानगी पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये दिली आणि सप्टेंबरमध्ये ती रद्द झाली. रद्द केल्याच्या पत्रात आयुक्तांनी म्हटले होते, की सरकारच्या निर्देशावरून हे कळवण्यात येत आहे. नियमाप्रमाणे रद्द करण्याचा अधिकार मात्र आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हता. प्रकरण कोर्टात गेल्यावर आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन हा निर्णय त्यांचा स्वतःचाच होता, असे दाखवण्याचा प्रयत्न झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तो मानला नाही. ‘पोलीस आयुक्त, मुंबई विरुद्ध गोर्धनदास भानजी’ या निकालात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्पष्ट केले, की जाहीर आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा. अधिकाऱ्याच्या मनात काय होते, हे त्याने मागाहून सांगून भागत नाही. बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढे पंजाबातल्या फिरोजपूर मतदारसंघाच्या १९७७ च्या रद्द झालेल्या मतदानाचा वाद आला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हेच तत्त्व आणखी ठामपणे मांडले. आज ‘मोहिंदरसिंग गिल’ या त्या निकालाचे नाव घेतल्याशिवाय अशा प्रकरणांचा युक्तिवाद क्वचितच पुरा होतो.

म्हणून नस्ती, म्हणजे प्रकरणाची सरकारी फाइल, हातात आली की जाणता सरकारी वकील आधी टिपणीची बाजू उघडतो. पत्रव्यवहार नंतर. कक्ष अधिकाऱ्याने काय प्रस्ताव मांडला, अवर सचिवांनी काय शेरा दिला, सही कोणत्या तारखेची आहे, आणि मुख्य म्हणजे कारण कुठे लिहिले आहे?

बदल्यांच्या प्रकरणांत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. महाराष्ट्राने बदल्यांच्या विनियमनाचा कायदा २००५ साली केला. बदल्या एरवी वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. बहुतेक अधिकाऱ्यांचा एका पदावरचा कार्यकाल तीन वर्षांचा. मुदतीआधी हलवायचे असेल, तर विशेष कारण लेखी नोंदवायचे आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची. आता समजा, एखाद्याला दीड वर्षातच ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले. आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच दोन शब्द. नस्तीतही त्याहून जास्त काही नाही. मुलांची शाळा अर्ध्यावर, घरी आजारी आईवडील, आणि आपले नेमके काय चुकले हे त्या माणसाला कुणी सांगितलेले नाही. अशा वेळी मॅटने कारण विचारले, तर सादरकर्ता अधिकाऱ्याने उत्तर आणायचे कुठून? ते त्याने स्वतः रचणे हा न्यायालयाशी केलेला अप्रामाणिकपणा ठरेल. वकील सरकारचा असला तरी आधी तो न्यायालयाचा अधिकारी असतो.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे ती सांगते. सरकारी वकिलाला ही तरतूद रोज आठवावी लागते, कारण याचिकेवरचे परिच्छेदनिहाय अभिप्राय विभागाकडून आल्याशिवाय त्याला प्रतिज्ञापत्राचा मसुदा करता येत नाही. बोर्डावर प्रकरण पुकारले जाते, तो वेळ मागून घेतो. पुढच्या तारखेला पुन्हा तेच. कोर्टाचे कडक शब्द ऐकावे लागतात ते त्याला, नस्ती अडवून बसलेल्या टेबलाला नाही. उशिराची किंमत काय असते, हे २०१२ मध्ये टपाल खात्याला कळले. ‘लिव्हिंग मीडिया’ प्रकरणात त्याला ४२७ दिवसांचा विलंब झाला होता. सरकारी कामकाजाची संथ चाल ही सबब सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. मुदतीचा कायदा सरकारलाही तितकाच लागू आहे, असे बजावले.

या नोकरीतले सर्वांत मोलाचे काम कोर्टाच्या रोजनाम्यात एका ओळीत मावते. वकील आदेश वाचतो, नस्ती तपासतो आणि विभागाला फोन करून सांगतो, की हा टिकणार नाही, मागे घ्या. ‘तुम्ही आमचे वकील की त्यांचे?’ हा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. तरीही तो सचिवांपर्यंत जातो, लेखी सूचना मिळवतो आणि न्यायपीठापुढे निवेदन करतो: शासन आदेश मागे घेत आहे, अर्जदाराचे म्हणणे ऐकून, कारणे देऊन नवा निर्णय घेतला जाईल. हे निवेदन नोंदले जाते आणि विभागावर बंधनकारक होते. असे निवेदन करणारा वकील प्रकरण हरला, असे म्हणणे चूक आहे. कर्मचाऱ्याला सुनावणी मिळते, लढाईची काही वर्षे वाचतात. आणि नवा आदेशही त्याच्या विरोधात गेला, तो पुन्हा कोर्टात आला, तरी या वेळी नस्तीत त्याचे म्हणणे आणि त्यावरचे उत्तर दोन्ही असतात. तेव्हा तोच वकील त्या आदेशाच्या बाजूने पूर्ण ताकदीने उभा राहू शकतो.