ऊन, प्लास्टिक आणि चिमूटभर खनिज
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बॅचतर्फे शाळेला पाण्याच्या टाक्या आणि अंगणात प्लास्टिकची बाकं द्यायचं ठरतंय. दोन्ही वस्तू बारा महिने उन्हात राहणार, म्हणून चार शब्द बोलते. मी शिकले इंजिनीअरिंग, करते सॉफ्टवेअर. पण गेली काही वर्षं मी लिहिलेला प्रोग्राम प्लास्टिकच्या चाचण्यांचे आकडे सांभाळतो, त्यामुळे हा विषय अंगवळणी पडलाय.

गच्चीवर राहिलेली जुनी बादली उचलली की काठ तुटून हातात येतो, बोटांना भुकटी लागते. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या तोडतात. मग लवचिकपणा जातो, तडे पडतात आणि सुटलेले बारीक कण माती-पाण्यात जातात.

यावर उपाय म्हणून प्लास्टिकमध्ये खनिजांची पूड मिसळतात. आता ती नॅनो आकाराचीही मिळते. शाळेतलं गणित आठवा. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होतं! त्यात कबड्डीची चार मैदानं मावतील. पूड तेवढीच, पण प्लास्टिकला भिडणारा पृष्ठभाग अफाट. आणि बरं-वाईट जे घडतं ते या पृष्ठभागावरच.

टिटॅनियम डायऑक्साइड घ्या. ते अतिनील किरण शोषून घेतं. पण त्याचं अनाटेज हे रूप शोषलेल्या ऊर्जेतून असे क्रियाशील रेणू तयार करतं, की ते भोवतालचं प्लास्टिकच कुरतडतात. रुटाइल हे रूप त्या मानाने शांत. त्याच्या कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचा थर दिला, की ते छत्रीसारखं काम करतं. नाव एकच, गुण उलटे.

मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती मिसळली की प्लास्टिक ताठ होतं. पण तिच्यातलं लोह आणि ती नीट मिसळावी म्हणून लावलेली सेंद्रिय रसायनं, यांमुळे पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लास्टिक उन्हात उलट लवकर खराब होऊ शकतं. संरक्षक रसायनंही तिच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि कामाला कमी पडतात.

म्हणून माझी विनंती. जाहिरातीतल्या ‘नॅनो’ शब्दावर पैसे देऊ नका. टाकी आयएस १२७०१ या मानकाची आहे का, ते बघा. बाहेरच्या थरात काय घातलंय, ते विचारा. साधी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, आजही उन्हापासून उत्तम राखण करते. बाकं रंगीत हवी असतील, तर अतिनील संरक्षक कोणता आणि चाचणीत किती तासांनंतर किती ताकद उरली, हे लेखी मागा. चाचणीयंत्रातले तास म्हणजे आपल्या उन्हातली वर्षं, असा सरळ हिशोब नसतो. पण ज्याच्याकडे अहवालच नाही त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे तो आहे, तो विक्रेता बरा.

दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आपण दिलेल्या टाकीचं पाणी मुलं पिणार आहेत. कोटेशन आली की माझ्याकडे पाठवा, ती वाचायचं काम माझं.