कृत्तिकांचे अंतर



कार्तिकातील रात्री आकाशात दिसणारा कृत्तिकांचा पुंजका आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, तर या ताऱ्यांचे अवघे दहा-बारा कोटी. म्हणजे हा तारकागुच्छ बाल्यावस्थेतच आहे. याच बालकांच्या अंतरावरून शास्त्रज्ञांत सतरा वर्षे मोठा वाद चालला.

तो समजण्यासाठी डोळ्यांसमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्याचा भास होतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा ताराही दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर असाच किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्यावरून काढलेल्या कोनास पराशय म्हणतात. तो जितका लहान, तितका तारा दूर.

१९९७ मध्ये हिप्पार्कोस उपग्रहाची मोजमापे प्रसिद्ध झाली आणि कृत्तिकांचे अंतर सुमारे ३९० प्रकाशवर्षे ठरले. पूर्वीचे अनुमान याहून बरेच अधिक होते. उपग्रह खरा मानावा, तर हे तारे अपेक्षेपेक्षा मंद ठरत आणि तरुण ताऱ्यांविषयीचे सिद्धान्तच डळमळीत होत. २००४ मध्ये कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातील एका जोडताऱ्याच्या अभ्यासातून अधिक अंतराच्याच बाजूने कौल दिला. तरीही वाद शमला नाही.

अखेर रेडिओ दुर्बिणी कामी आल्या. या गुच्छातील काही मंद ताऱ्यांवर प्रबळ चुंबकीय वादळे होतात व त्यांतून रेडिओलहरी निघतात. हवाई बेटांपासून कॅरिबियन समुद्रातील बेटापर्यंत पसरलेल्या दहा दुर्बिणी, त्यांच्या जोडीला अन्य विशाल दुर्बिणी, अशा सर्वांनी मिळून एकच प्रचंड नेत्र साकारला. पार्श्वभूमीला अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे क्वासार होते. इतक्या अंतरावरून ते जागचे हललेले दिसतच नाहीत. वाद होता विकलेच्या जेमतेम हजाराव्या भागाचा. पाच हजार किलोमीटरवरून रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढा!

२०१४ मध्ये कार्ल मेलिस यांच्या गटाने उत्तर जाहीर केले : सुमारे ४४४ प्रकाशवर्षे. पुढे २०१८ मध्ये गाया उपग्रहानेही जवळजवळ हाच आकडा दिला. एका गुच्छाबाबत चुकल्याने हिप्पार्कोसचे एकूण कार्य मात्र उणे ठरत नाही. आज दिसणारा कृत्तिकांचा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा शिवछत्रपतींच्या जन्माला सुमारे अर्धशतकाचा अवकाश होता.