क्षय बरा झाला, मग हा खोकला कसला?

श्रोतेहो, क्षयाची औषधे पुरी केली, थुंकीत जंतू उरले नाहीत; तरी वर्षा-दोन वर्षांनी खोकला परततो, वजन घटते, थुंकीतून रक्त पडते. घरचे म्हणतात, "क्षय उलटला!" पण दर वेळी तसे नसते.

क्षयाने फुफ्फुसात कधी पोकळी राहते. ओल्या धान्यावर, कुजक्या पाचोळ्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी श्वासावाटे तिथे शिरते आणि बंद घरातल्या कोळिष्टकांसारखी हळूहळू पसरते. एरवी माणसाची प्रतिकारशक्ती चांगली असली, तरीही.

याचे निदान एका तपासणीने होत नाही. तीन महिन्यांहून अधिक चाललेली लक्षणे, एक्स-रे वा सीटी स्कॅनमध्ये पोकळी किंवा तिच्यातला बुरशीचा गोळा, रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये, आणि क्षय पुन्हा झालेला नाही याची थुंकी तपासून खात्री, हे सारे जुळवून पाहावे लागते. नुसती थुंकीत बुरशी सापडली म्हणजे रोग झाला असे नव्हे. ती हवेत सगळीकडेच असते.

क्षयाच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही. म्हणून, गुरुजी, गावात कुणी असा खोकत असेल, तर उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ देऊ नका. जुने-नवे सगळे एक्स-रे बरोबर देऊन त्याला डॉक्टरांकडे धाडा. रक्त पडले असेल, तर त्याच दिवशी.