पवईतील संशोधन-पदांची वाट

मुंबईत पवई येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अध्यापन आणि संशोधनाच्या नोकऱ्या दोन वेगळ्या वाटांनी मिळतात, आणि हा भेद न कळल्यामुळे अनेक गुणी उमेदवार चुकीच्या जागी अर्ज करतात, हे खेदजनक आहे. कायम अध्यापकपदासाठी पीएचडी आवश्यक असून सहायक प्राध्यापकपदाकरिता सामान्यतः पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभवही अपेक्षित असतो. अनुभव कमी असलेल्यांसाठी त्याच पदाची दुसरी श्रेणी आहे. अर्जासोबत पुढील काही वर्षांत कोणते प्रश्न हाती घ्यायचे याचा आराखडा, म्हणजे संशोधन-निवेदन, द्यावे लागते, आणि उमेदवाराचे काम जाणणाऱ्या तज्ज्ञांची नावेही कळवावी लागतात. विभागात दिलेले व्याख्यान व त्यानंतरची प्रश्नोत्तरे यांना निवडीत मोठे वजन असते, म्हणून हे निवेदन घाईने लिहिणे हिताचे नाही.

दुसरी वाट प्रकल्पाधारित पदांची. एखाद्या प्राध्यापकाला बाहेरून मिळालेल्या निधीतून ठरावीक मुदतीसाठी नेमलेला कनिष्ठ संशोधन अधिछात्र, म्हणजे पाठ्यवृत्ती घेऊन काम करणारा संशोधक, या वर्गात येतो. केंद्र सरकारने ही पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये केली. प्रकल्प संपला की असे पदही संपते, त्यामुळे निधी किती काळाचा आहे आणि त्या कामातून पीएचडीसाठी नोंदणी शक्य आहे का, हे उमेदवाराने मुलाखतीतच निःसंकोच विचारावे.