‘हाउसवाइफ’ म्हणजे कोण?

बायांनो, कामं उरकली का? नसतील उरकली तर हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

आज आम्ही एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. शब्द तुमच्या-आमच्या ओळखीचा आहे, हाउसवाइफ. बँकेचा फॉर्म असो, दवाखान्याचा केसपेपर असो की पोरांच्या शाळेतला ‘आईचा व्यवसाय’ हा रकाना, तिथे हाच शब्द येतो. फॉर्म मराठी असेल तर ‘गृहिणी’. पुष्कळदा लिहिणारा विचारतही नाही, आपल्याकडे एकदा बघतो आणि लिहून मोकळा होतो. विचारलंच तर आपणच म्हणतो, “काही नाही, घरीच असते.” आणि हे म्हणणारी बाई पहाटे धार काढून, शेण भरून, भाकऱ्या थापून, वर दोन तास खुरपून आलेली असते!

हा शब्द जन्मला तेव्हा त्याचा अर्थ ‘काही न करणारी’ असा होता का? मुळीच नव्हता. कसा ते बघू.

शब्दाचे दोन तुकडे करू. ‘हाउस’ म्हणजे घर. ‘वाइफ’ म्हणजे बायको, असं आपण शाळेत शिकलो. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘वीफ’ असा होता आणि त्याचा अर्थ होता नुसती बाई. लग्न झालेली असो वा नसो. त्याच शब्दाला ‘मान’ म्हणजे माणूस जोडून ‘वीफमान’ झालं आणि त्याचंच पुढे झिजत झिजत ‘वुमन’ झालं. आपल्या बोलण्यातला ‘बाईमाणूस’ आठवला ना? अगदी तसाच जोडलेला शब्द. आपल्याकडेही एकीला ‘बायको’ म्हटलं की कुणाची तरी बायको, पण ‘बायका जमल्या’ म्हटलं की सगळ्या स्त्रिया. भाषा दोन, पण चाल एकच.

हा जुना अर्थ एका शब्दात अजून जिवंत आहे आणि तो तुमच्या उपकेंद्रातच आहे. आपल्या नर्सबाईंना आपण एएनएम म्हणतो. त्यातला ‘एम’ म्हणजे मिडवाइफ. जुन्या इंग्रजीत ‘मिड’ म्हणजे सोबत. मिडवाइफ म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबत असणारी, आपली सुईण. यात नवरा-बायकोचा काही संबंध नाही.

आता जोडीदाराचा शब्द बघा, हजबंड. हा मूळचा इंग्रजी नव्हेच. उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेले नॉर्वे-डेन्मार्कचे लोक इंग्लंडात वसले, त्यांनी तो आणला. त्यांच्या भाषेत ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘बोन्दी’ म्हणजे घर करून राहणारा, जमीन कसणारा. आइसलँड देशात आजही शेतकऱ्याला ‘बोन्दी’च म्हणतात. म्हणजे हजबंड हा आधी घरधनी होता, कारभारी होता. ‘नवरा’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्याच शब्दातून ‘हजबंडरी’ निघाला. अर्थ दोन: शेती करणं आणि काटकसरीनं कारभार बघणं. आपल्या पशुसंवर्धन खात्याचं इंग्रजी नाव काय? ‘ॲनिमल हजबंडरी’. गोठ्यात राबते कोण, ते आम्ही वेगळं सांगायला नको. काम हजबंडरीचं आणि फॉर्मवर नाव हाउसवाइफचं!

आपल्याकडे जुनी माणसं एकमेकांना हाक मारताना म्हणायची “अहो कारभारी” आणि “अगं कारभारणी”. दोघांनाही एकच पदवी. जुन्या इंग्रजीतही साधारण तसंच होतं. हजबंड हा घराचा कारभारी, तर हाउसवाइफ ही कारभारीण. सोळाव्या शतकात थॉमस टस्सर नावाच्या इंग्रज शेतकऱ्यानं शेतीचे धडे पद्यात लिहिले. १५७३ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच चांगल्या हजबंडरीच्या जोडीला चांगली ‘हजविफरी’ म्हणजे घरकारभार होता. पुढे १६१५ मध्ये जर्वेस मार्खम याचं ‘द इंग्लिश हजवाइफ’ हे पुस्तक आलं. त्यात कारभारणीला काय काय यायला हवं म्हणून सांगितलंय? औषधपाणी, स्वयंपाक, अर्क काढणं, लोकर आणि ताग-जवसाच्या धाग्याचं काम, दूधदुभतं, लोणी, चीज, धान्याला मोड आणून बियर करणं, पाव भाजणं. मोजून बघा, आज त्यातल्या एकेका कामाचा एकेक कारखाना आहे.

मग हा शब्द घसरला कुठे?

घसरण दोन वाटांनी झाली. पहिली वाट उच्चाराची. ‘हाउसवाइफ’ भराभर बोलताना ‘हझिफ’ झाला. या नावानं एक वस्तूही होती. सुई, दोरा, बटणं ठेवायची कापडी गुंडाळी. इंग्रज शिपाई आपले कपडे शिवायला ती जवळ बाळगायचे. बायको घरी आणि तिच्या नावाची पिशवी लढाईवर! त्याच उच्चारातून आणखी झिजून ‘हझी’ झाला. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ घर चालवणारी बाई असाच होता. पुढे तो ‘अडाणी, आडदांड बाई’ झाला आणि शेवटी ‘चवचाल बाई’. विचार करा, एकाच शब्दाची दोन लेकरं, एक फॉर्मवर बसली आणि दुसरी शिवी झाली. ‘फिशवाइफ’ म्हणजे मासे विकणारी बाई. तिचाही पुढे ‘आरडाओरडा करणारी भांडकुदळ’ असा अर्थ झाला. ‘स्पिनस्टर’ म्हणजे सूत कातणारी, तिची झाली ‘लग्न न झालेली’, आणि तेही नाक मुरडून म्हणायचं. कमावत्या, मोठ्यानं बोलणाऱ्या बायकांचेच शब्द असे कसे काळे पडतात, हे तुम्हीच ताडून बघा.

दुसरी वाट पैशाची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कारखाने आले. कापड गिरणीत गेलं, बियर भट्ट्यांत गेली, पाव बेकरीत गेला. बाहेर जाऊन रोख मजुरी आणतो तो कामाचा, घरात राबते ती बिनकामाची, असा हिशेब सुरू झाला. १८५१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांसाठी निदान एक वेगळा वर्ग होता. १८८१ मध्ये त्यांना ‘काही धंदा नसलेले’ या गटात ढकललं. बायकांचं काम तीस वर्षांत संपलं नव्हतं, पण मोजणारानं मोजणं सोडलं होतं.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण ती मोजायची रीत आपल्याकडेही आहे. आपल्या जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ धरली जाते. २०१० मध्ये एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैदी यांच्याच गटात बसवणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे, असा त्या निकालाचा सूर होता.

२०२१ च्या जानेवारीत आणखी एक निकाल आला. दिल्लीत दुचाकीवरून जाताना एक जोडपं अपघातात गेलं. भरपाई किती द्यायची यावर वाद होता. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल पैशात धरलं पाहिजे आणि पुढच्या वर्षांत ते वाढलं असतं हेही धरलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. दोघांची मिळून भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर गेली. तिथे सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला होता. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष ९७ मिनिटं. पोरंबाळं आणि म्हातारी माणसं सांभाळायचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक पुस्तिका काढली. बायकांबद्दल कोणते शब्द टाळावेत ते त्यात सांगितलंय. ‘हाउसवाइफ’ऐवजी ‘होममेकर’ म्हणा, असं तिथे आहे. होममेकर म्हणजे घर घडवणारी. चांगलंच आहे. पण नुसती पाटी बदलून भागत नाही. शब्द गोड आणि रकाना रिकामा, असं व्हायला नको.

म्हणून आता कामाचं ऐका. जनगणनेचा एक नियम पुष्कळ जणींना ठाऊक नसतो. घरच्या शेतात बिनमजुरीनं राबणारी बाई काम करणारी धरली जाते. २००१ पासून तर दूध फक्त घरात खाण्यापुरतं काढलं, डेअरीला एक थेंब घातला नाही, तरी ते काम धरलं जातं. वर्षातले सहा महिने किंवा जास्त असं काम केलं तर ‘मुख्य काम करणारी’, त्याहून कमी केलं तर ‘सीमांत’. पण हे लिहिलं कधी जाईल? विचारणारा दारात आल्यावर आपण सांगितलं तर. तो दारात असताना आपण चुलीपाशी राहिलो आणि ओसरीवरून कुणी म्हणालं, “ती घरीच असते”, तर तेच लिहिलं जाणार. पुढची जनगणना २०२७ ची आहे. त्या वेळी पुढे या आणि स्वतः बोला.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं पहाटेपासून रात्रीपर्यंत काय केलं ते एका कागदावर लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीनं लिहून घ्यायचं. मग ठरवायचं की माझा व्यवसाय काय. शेती? पशुपालन? शिवणकाम? आणि जी फक्त घर सांभाळते, तिनंही मान खाली घालायची नाही. तिच्या कागदावर पाच तास नाही, पंधरा तास निघतील. बँकेत, पंचायतीत, दवाखान्यात विचारलं तर जे ठरवलं तेच सांगायचं. लिहिणारानं न विचारता ‘गृहिणी’ लिहिलं, तर “साहेब, शेती लिहा, जनावरं लिहा” म्हणायचं. सही किंवा अंगठा करण्याआधी तो रकाना वाचून घ्यायचा.

‘काही नाही, घरीच असते’ यातलं ‘काही नाही’ तेवढं आजपासून बंद. ज्या शब्दाचा अर्थ कारभारीण होता तो लोकांनी बोलून बोलून खाली आणला. बोलूनच तो वर चढवता येईल.

तुमच्या गटात कागदावर काय काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळेला. नमस्कार!