शाळा चालवतं कोण?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्या बडोद्यातील कॉर्पोरेशनच्या एका मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



विषय माझा मीच मागून घेतला आहे. कार्यकारिणीतल्या एकांनी "ताई, सणाचे दिवस आहेत, काही हलकंफुलकं बोललात तरी चालेल" असं सुचवून पाहिलं होतं. पण गेले काही महिने एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे आणि तो इथल्याच मंडळींपुढे मांडावा असं वाटतं.

माझी भाची अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावात राहते. आपल्यापैकी निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे, तेव्हा हे नवं नाही. मागच्या नोव्हेंबरात तिचा फोन आला, "मावशी, आत्ताच मत देऊन आले." म्हटलं, राष्ट्राध्यक्षाचं का? तर नाही, शाळेचं. तिथे गावाच्या शाळांचा कारभार नगरपालिकेपासून वेगळा असतो. पाच जणांचं मंडळ गावकरी मतदानाने चार वर्षांसाठी निवडतात. शाळांना जादा पैसा हवा असेल तर घरपट्टीवर जादा कर बसवायचा की नाही, हेही मतपत्रिकेवरच विचारतात. लोक पुष्कळदा 'नाही' म्हणतात. मग कुठे शाळेची बस बंद होते, कुठे संगीताचा शिक्षक जातो, आणि पुढच्या खेपेला तोच प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर येतो.

हे ऐकून हरखून जायचं कारण नाही. ज्या गावात घरं महाग, त्या गावच्या शाळेला पैसा जास्त, आणि शेजारच्या गरीब गावची शाळा गळक्या छपराची, असा त्या पद्धतीचा दुसरा चेहरा आहे. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ही व्यवस्था राज्याच्या घटनेत बसत नाही असा निकाल दिला, तरी घरपट्टीवरची भिस्त काही संपलेली नाही. पण भाचीने पुढे विचारलं, "मावशी, तुमच्या शाळेचं मंडळ कोण निवडायचं गं?"

एवढी वर्षं नोकरी केलेली मी. मला एका वाक्यात उत्तर देता येईना.

मग मी तिला लांबलचक सांगितलं. आपल्या शहरात नगर प्राथमिक शिक्षण समिती आहे. तिचे बरेचसे सभासद आपण निवडून दिलेले नगरसेवक आपसात मतदान करून ठरवतात, काही सरकार नेमतं. म्हणजे तुमचं-माझं मत तिथे पोचतं, पण एक जिना चढून. रोजचा कारभार शासनाधिकारी पाहतात, ते अधिकारी. पगाराचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून, बाकीचा कॉर्पोरेशनच्या तिजोरीतून. अभ्यासक्रम आणि पुस्तकं गांधीनगरहून; गुजरातचं पाठ्यपुस्तक मंडळ मराठी माध्यमाचीही पुस्तकं छापतं, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊकही नसतं. शिवाय समग्र शिक्षा योजनेचं अनुदान, त्यात केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस. परीक्षा घ्यायला गुणोत्सव आहेच. त्यात मुलांबरोबर शाळेलाही श्रेणी मिळते.

भाची म्हणाली, "म्हणजे नळ गळत असेल तर विचारायचं कोणाला?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला मागे जावं लागलं, आणि बडोद्यात मागे जायचं म्हणजे सयाजीराव महाराजांपर्यंत. त्यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात, दहाएक गावांत, प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. प्रयोग आधी तिथे करून पाहिला, हळूहळू तालुकाभर नेला आणि 1906 मध्ये सबंध राज्याला लागू केला. मुलांना बाराव्या वर्षापर्यंत, मुलींना दहाव्या वर्षापर्यंत शाळा. मूल पाठवलं नाही तर आईबापांना दंड. एक गोष्ट आपण मराठी माणसांनी विशेष लक्षात ठेवावी: राजा मराठी असूनही प्रजेच्या मुलांना त्यांनी गुजरातीतूनच शिकवलं. मराठी शाळा होत्या त्या आपल्या घरांसाठी.

परिणाम काय झाला ते नामदार गोखल्यांनी कलकत्त्याला वरिष्ठ कायदेमंडळापुढे नेऊन दाखवलं. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोदे राज्यात जवळजवळ ऐंशी टक्के शाळेत, ब्रिटिश हिंदुस्थानात बावीसही नाहीत. मुलींच्या बाबतीत तर इकडे जवळजवळ निम्म्या आणि तिकडे शंभरात चार. गोखल्यांनी 1911 साली शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा बडोदे हा त्यांचा मोठा आधार होता. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना आपल्या हद्दीत सक्ती आणायची मुभा द्यावी आणि खर्च त्यांनी व सरकारने वाटून घ्यावा, इतकीच त्यांची मागणी. मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते फेटाळलं गेलं.

आता मी जे म्हणणार आहे ते काहींना रुचणार नाही. या बडोद्यात महाराजांविषयी शंका काढणं म्हणजे काय, हे मला कळतं. माझ्या आजोबांच्या घरी देव्हाऱ्याच्या वर त्यांची तसबीर होती. पण खुद्द महाराजांनाच एक गोष्ट खुपत होती. मुलं चार इयत्ता शिकून बाहेर पडायची आणि काही वर्षांत अक्षर विसरून जायची. घरात वाचायला काही नाही आणि वाचलंच पाहिजे असं वाटायला काही कारण नाही. म्हणून त्यांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव वाचनालयं सुरू केली. आणि इथे महाराजांनी पैशाची रीत बदलली, ती मला फार महत्त्वाची वाटते. शाळेचा पैसा सरकारचा होता. गावाने द्यायचा तो फक्त दंड. वाचनालयाला मात्र गावाने वर्गणी काढायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. एक तृतीयांश पैसा स्वतःच्या खिशातून गेला की माणूस कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारतो. शाळेचं तसं झालं नाही. शाळा वरून आली, चांगली आली, आणि आपल्याला ती वरूनच येणार याची सवय लागली. राज्य विलीन झालं, मुंबई आली, मग 1960 मध्ये गुजरात झालं. वरचे लोक बदलत गेले, सवय राहिली.

आता आजच्या शाळेकडे येते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षक किती द्यायचे ते पटावरून ठरतं. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. ऐकायला ठीक वाटतं. पण मराठी शाळेत ते कसं घडतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पट एकशेदहाचा पंच्याऐंशी झाला, एक शिक्षक बदलून गेला. मग दोन इयत्ता एका वर्गात बसवाव्या लागल्या. ते पाहून जे पालक रिक्षाचे पैसे भरू शकत होते ते मूल काढून घेऊन गेले. पट साठावर आला. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, त्यातल्या एकीला मस्टर, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं. अशा शाळेला गुणोत्सवात खालची श्रेणी मिळाली तर नवल ते काय? आणि श्रेणी खाली आली की शेजारच्या शाळेत विलीन करण्याचा कागद निघायला वेळ लागत नाही. यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाने नियमच पाळलेला असतो.

त्याच कायद्यात एकविसावं कलम आहे. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेवर देखरेख ठेवायची, विकास आराखडा करायचा, आलेल्या अनुदानाचा खर्च पाहायचा. आपल्याकडे मतपत्रिकेसारखं काही असेल तर ते हे.

आमच्या शाळेत ही समिती कशी चालायची? खरं सांगते. मी रजिस्टर लिहून ठेवायची, आया मुलांना सोडायला आल्या की सह्या करून जायच्या. ठराव माझे, भाषा माझी, अनुमोदनही मीच लिहायची. एकदा मात्र एक बाई बसल्या. दांडिया बाजारात चार घरी पोळ्या लाटायच्या. बाकीच्या उठल्या तरी ह्या बाकावरच. म्हणाल्या, "बाई, हे पंचवीस हजार आले म्हणता, त्यात काय काय झालं?"

तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला तेवढं एकत्रित अनुदान मिळतं, त्याबद्दल त्या विचारत होत्या. खोटं कशाला बोलू, मला राग आला. ही कोण मला विचारणारी? एक पैसा इकडचा तिकडे झालेला नव्हता. मी फाईल काढून वाचायला लागले: खडू, फिनेल, झाडू, बल्ब, पंख्याची दुरुस्ती, नळाची दुरुस्ती. त्या म्हणाल्या, "नळ तर अजून गळतोय."

नळ गळत होता. प्लंबरचं बिल मी पाहिलं होतं, नळ पाहिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा बोलावला. पुढच्या सभेला त्या बाईंबरोबर आणखी तिघी बसल्या आणि त्यांनी शाळेसमोरच्या कचऱ्याच्या ढिगाचं विचारलं. त्या कामासाठी त्या चौघी मिळून वॉर्ड ऑफिसात गेल्या. माझ्या तीन पत्रांनी जे झालं नव्हतं ते झालं.

त्या कोण होत्या? खानदेशातून कामाला आलेल्या कुटुंबांतल्या. माझ्या शेवटच्या वर्षांत पटावर बहुतेक मुलं त्यांचीच होती. आपण, म्हणजे या सभागृहात बसलेले, पिढ्यान्‌पिढ्यांचे बडोदेकर, त्या पटावर नव्हतो. मी तुम्हाला दोष कुठल्या तोंडाने देऊ? माझा मुलगा इंग्रजी शाळेत शिकला. मी मराठी शाळेची मुख्याध्यापिका, आणि सकाळी त्याची टाय नीट करून मग माझ्या शाळेत जायची. दर वर्षी आपण इथे ठराव करतो की मराठी माध्यम टिकलं पाहिजे. तो ठराव मीसुद्धा दोनदा मांडला आहे.

तुमची नातवंडं तिथे घाला असं मी म्हणत नाही. कोणी घालणार नाही, आणि मी म्हटलं तर तुम्ही मनात हसाल. पण समितीतली उरलेली एक चतुर्थांश जागा पालकांखेरीज इतरांसाठी असते, त्यात शिक्षणाशी संबंध असलेल्या स्थानिक माणसाला घेता येतं. आपल्यात निवृत्त हिशेबनीस आहेत, बँकवाले आहेत, एक सिव्हिल इंजिनिअर समोर दुसऱ्या रांगेतच बसले आहेत. त्या आयांना प्रश्न विचारता येतात. इस्टिमेट कसं वाचायचं आणि अर्ज कोणाच्या टेबलावर द्यायचा, हे कोणी शेजारी बसून सांगायला हवं. महिन्यातून एक सकाळ. आणि मंडळाने दिव्यांच्या रोषणाईतून थोडं वाचवून वर्गणीचा एक भाग तिथे घातला तर मला आवडेल, पण हिशेब मागायच्या अटीवरच.

मी स्वतः निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी शाळेत जाते. महाराजांच्या वेळी फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या, तशी एक पेटी मी सुताराकडून करून घेतली. सध्या तिच्यात बत्तीस पुस्तकं आहेत, आठ मुलांकडे घरी गेलेली आणि एक हरवलेलं. ते कोणाकडे आहे ते चौथीतल्या एका मुलीला माहीत आहे, पण ती सांगत नाही. येत्या शनिवारी साडेआठला मी तिथेच असेन.