रुळांचे किलोमीटर आणि शब्दांचे अर्थ

लोहमार्ग किती बांधला, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. अंतर मोजावे आणि आकडा सांगावा. परंतु मोजण्यापूर्वी कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे ठरवावे लागते. आणि तो अर्थ सरकारी दप्तरात ठरत असतो.

बीदर-कलबुर्गी मार्गाचेच उदाहरण घ्यावे. पूर्वीचे गुलबर्गे म्हणजे आजचे कलबुर्गी बीदरपासून फार दूर नाही. तरीही आगगाडीने जायचे तर विकाराबाद, तांडूर, वाडी असा मोठा वळसा पडत असे. हा वळसा टाळणारा ११० किलोमीटरचा मार्ग १९९७-९८ साली मंजूर झाला आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मध्ये वीस वर्षे गेली. जमिनी घेतल्या गेल्या, भराव पडले, मरगुत्तीजवळ बोगदा झाला. हुमनाबादपर्यंतचा तुकडा आधी पुरा झाला, उरलेला मागाहून. मग हा मार्ग बांधला कोणी? ज्यांनी मंजुरी दिली ते म्हणतात, आम्ही. ज्यांनी निधी पुरवला ते म्हणतात, आम्ही. ज्यांच्या काळात गाडी धावली तेही म्हणतात, आम्हीच. यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. सरकारी हिशेब मात्र सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीनंतर मार्ग ज्या वर्षी वाहतुकीस खुला होतो, त्याच वर्षाच्या खात्यावर ते किलोमीटर मांडतो. आधीच्या वर्षांची मेहनत त्या रकान्यात दिसत नाही.

दुसरा भेद याहून मोठा आहे. दोन गावांमधील अंतर म्हणजे मार्गाची लांबी. तेथे रूळ एकेरी असोत वा दुहेरी, ती तेवढीच राहते. रुळांची एकूण लांबी मोजताना मात्र दुसरी, तिसरी वाट आणि स्थानकांतील बाजूचे रूळ, सारे धरले जातात. १९५०-५१ साली भारतात मार्गाची लांबी ५३,५९६ किलोमीटर होती. ३१ मार्च २०२० रोजी ती ६७,९५६ झाली. वाढ सुमारे २७ टक्के. त्याच काळात रुळांची एकूण लांबी ७७,६०९ वरून १,२६,३६६ किलोमीटरवर गेली. वाढ सुमारे ६३ टक्के. रेल्वेची प्रगती मंद होती असे म्हणणाऱ्यास पहिला आकडा पुरतो, वेगवान होती असे म्हणणाऱ्यास दुसरा.

२०२२-२३ साली ५,२४३ किलोमीटर काम झाल्याचे सांगण्यात आले, म्हणजे दिवसाला चौदा किलोमीटरांहून अधिक. या बेरजेत नवे मार्ग, दुहेरीकरण आणि गेजबदल हे तिन्ही होते. होटगी-कलबुर्गी मार्ग दुहेरी झाला, तेव्हा गाड्यांचा खोळंबा कमी होण्याची सोय झाली. परंतु त्यामुळे एकही नवे गाव आगगाडीला जोडले गेले नाही. उलट कुर्डुवाडी-लातूर या जुन्या नॅरोगेज मार्गाचे ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून तो उस्मानाबादेवरून, म्हणजे आजच्या धाराशिववरून नेला. त्या शहराला प्रथमच स्थानक लाभले. तरी कागदावर त्या कामाचे नाव गेजबदल असेच होते. व्याख्या कधी फुगवते, तशी कधी झाकतेही.

व्याख्या असणे हा दोष नव्हे. व्याख्येवाचून हिशेबच होणार नाही. दोष आहे तो आकडा सांगून व्याख्या न सांगण्यात. बीदर जिल्ह्यातील औराद आणि बसवकल्याण या मराठी वस्तीच्या गावांत आजही आगगाडी येत नाही. तेथील शेतकऱ्याला देशात दिवसाला किती रूळ पडले, यापेक्षा नवा मार्ग किती झाला आणि तो कोठवर आला, हे कळणे अगत्याचे आहे. म्हणून सभेत वा वर्तमानपत्रात किलोमीटरांचा आकडा आला की नागरिकाने तीन गोष्टी विचाराव्यात: हे किलोमीटर मार्गाचे की रुळांचे? काम नवे, दुहेरीकरणाचे की गेजबदलाचे? आणि ते मंजूर झाले, पुरे झाले की वाहतुकीस खुले झाले? ही उत्तरे मिळाल्यावरच स्तुती करावी किंवा टीका करावी. दोन्हींना तेव्हाच अर्थ येईल.